पणजीच्या फोंताइन्हासमध्ये खोली ठरवताना

समुद्रकाठच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये खोली घेणं तसं सोपं. तिथल्या शंभर-दीडशे खोल्या एकाच साच्यातून काढलेल्या असतात. ‘डिलक्स’ घेतली की ती दुसऱ्या मजल्यावर मिळो की चौथ्या, पलंग तोच, न्हाणीघर तेच, पडद्यांचा रंगसुद्धा तोच. शहराच्या मधोमध, जुन्या वस्तीत असलेल्या लहान हॉटेलांचा मामला वेगळा. तिथे जेमतेम दहा-बारा खोल्या, आणि त्याही मुळात हॉटेलसाठी बांधलेल्या नव्हेत. कुणाच्या तरी राहत्या घराचं नंतर हॉटेल झालेलं. एक खोली पूर्वीची बैठकीची, दुसरी कोठीची, तिसरी माळ्यावरची. भाडं तिन्हींचं जवळपास सारखं असू शकतं. झोप मात्र तीन तऱ्हेची लागते. त्यामुळे हॉटेल पसंत केलं तरी इथे निम्मंच काम झालेलं असतं. त्यातली नेमकी कोणती खोली घ्यायची, हे उरलेलं निम्मं.

हे सगळं एका ओळखीच्या जागेवरून सांगितलं तर नीट समजेल. म्हणून पणजीचं फोंताइन्हास. आपल्याकडचा माणूस गोव्याला जातो तो बहुधा कळंगुट-बाग्याला, नाहीतर मंगेशी-शांतादुर्गेला. पणजीत तो फक्त बस बदलतो. खरं तर त्याच बसस्थानकातून बाहेर पडून पाटो भागातून खाडीवरचा पूल ओलांडला, तर थोडं चालून तो या वस्तीत पोचेल. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेंची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून वस्तीला हे नाव पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती. आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या एका माणसाने ती लावली. मोझांबिकवरूनच लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. पुढे जुन्या गोव्यातून सरकारी कारभार हळूहळू पणजीला हलला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि कारकून, अधिकारी, व्यापारी यांची घरं या बागेच्या जागी उभी राहिली. आज जी हॉटेलं दिसतात ती बहुतेक याच घरांमध्ये आहेत. ३१ जानेवारी मार्गावरचं ‘पंजिम इन’ हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं. त्याच मालकांचं ‘पंजिम पौजादा’ आतला चौक असलेल्या एका जुन्या हिंदू घरात आहे, तर ‘पंजिम पीपल्स’ एकेकाळच्या शाळेत.

मधली पट्टी, म्हणजे टेकडीवरून उतरणारं पाणी आणि खाडीचं पाणी यांच्या मधली सखल जमीन. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी ‘बुटीक’ या पाटीविषयी. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात एक ते पाच तारे आहेत, हेरिटेज आहे, बुटीक नाही. म्हणजे ती पाटी कुणीही लावू शकतो, आणि लावतोही. हेरिटेजचा दर्जा मिळायला इमारत १९५० पूर्वीची असावी लागते आणि तपासणी होते. पण नुसतं नावात ‘हेरिटेज’ घालायला कुणाची परवानगी लागत नाही. गोव्यात एक गोष्ट मात्र पक्की बघता येते. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली प्रत्येक हॉटेलला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि त्याला ए, बी, सी किंवा डी असा वर्ग मिळतो. नोंदणी क्रमांक मागितला तर सरळ सांगणारं हॉटेल आणि ‘ते सगळं आहे हो’ म्हणणारं हॉटेल, यातलं कोणतं घ्यावं हे सांगायला नको. हा कायदा लहान घरगुती निवासांनाही लागू आहे, म्हणून ‘आमचं होमस्टे आहे, आम्हाला नोंदणी लागत नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

आता घर. या वस्तीतलं जुनं घर कसं बांधलंय ते समजलं की खोली निवडणं निम्म्याने सोपं होतं. भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्यांच्या, हात-दीड हात जाडीच्या, वरून चुन्याचा गिलावा. मधला मजला लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर. वर मंगलोरी कौलं. खिडक्या जमिनीपासून उंच गेलेल्या, त्यांना रस्त्याकडे झुकलेले छोटे सज्जे. काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवलेले. त्यातून उजेड येतो, पण पलीकडचं दिसत नाही. घरातली माणसं राहायची वरच्या मजल्यावर. तळमजला सामानसुमान, कोठी, कधी दुकान यासाठी. सखल जमिनीवर राहणाऱ्यांनी हे उगाच केलं नव्हतं.

जांभा पाणी पितो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळमजल्याच्या भिंतीत खालून ओल चढते, गिलावा फुगतो, कपाटात ठेवलेल्या कपड्यांना वास येतो. मालक कितीही दक्ष असला तरी चार महिने तो ओलीशी झगडतच असतो. म्हणून पावसाळ्यात तळमजल्याची खोली घ्यायची असेल तर ओलीबद्दल विचारल्याशिवाय घेऊ नये. हीच खोली एप्रिल-मेमध्ये मात्र सगळ्यात सुखाची, कारण जाड भिंत दुपारची उष्णता आत येऊ देत नाही.

कौलांखालची वरची खोली याच्या बरोबर उलट. फोटोत तीच सगळ्यात देखणी दिसते: उतरतं छत, उघड्या तुळया, कोपऱ्यात लिहायचं टेबल. मे महिन्यात दुपारभर तापलेली कौलं रात्री दहापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतात आणि एसी बिचारा धापा टाकतो. कौलांखाली लाकडी किंवा प्लायचं छत घातलंय का, हे विचारलं की फरक कळतो. शिवाय पावसाचा आवाज. मुसळधार पावसात कौलांखाली झोपणं काहींना आयुष्यभर आठवतं, काहींना रात्रभर जागवतं. तुम्ही कोणत्या जातीचे, ते तुम्हालाच माहीत.

मधला मजला सर्वांत समतोल, पण त्यात दोन तऱ्हा आहेत: रस्त्याकडची आणि आतल्या चौकाकडची. रस्त्याकडच्या खोलीला सज्जा, उजेड, वारा, वस्तीची रहदारी. आणि पहाटे पोदेर सायकलवर पाव घेऊन भोंगा वाजवत येतो तो थेट उशाशी. मागोमाग स्कूटर. आठ वाजले की रंगीत भिंतींपुढे फोटो काढायला आलेली मंडळी. चौकाकडची खोली शांत, पण अंधारी. दिवसा दिवा लावून पुस्तक वाचावं लागतं, आणि न्याहारीची मांडामांड चौकातच होत असेल तर सकाळी सातला बशांचा आवाज. शिवाय लाकडी मजल्याला एक खोड असते. वरच्या खोलीतला माणूस रात्री पाणी प्यायला उठला की खाली झोपलेल्याला त्याचं प्रत्येक पाऊल मोजता येतं. झोप हलकी असेल तर ‘आमच्या डोक्यावर दुसरी खोली नको’ एवढं एक वाक्य बुकिंग करतानाच सांगून टाकावं.

राहिलं न्हाणीघर. जुन्या घरात खोलीला लागून न्हाणीघर नसायचं. ते नंतर कोपरा कापून बसवलं. नळ काढायला जमीन थोडी उचलावी लागते, म्हणून दारात एक पायरी येते, कधी चांगली वीतभर. अर्धवट झोपेत रात्री उठणाऱ्या वयस्कर माणसासाठी हा सापळाच. लिफ्टची तर आशा करूच नका. ही वस्ती संवर्धन क्षेत्रात मोडते, घरांमध्ये तोडफोड करायला मोकळीक नाही, आणि असती तरी त्या अरुंद जिन्याच्या जागी लिफ्ट बसणार कुठे? जिने लाकडी, उभे, पायऱ्या अरुंद. मोठी चाकांची बॅग वर नेताना दोघं लागतात.

ही सगळी माहिती हॉटेलच्या संकेतस्थळावर नसते. तिथे फोटो असतात, आणि फोटो वाचायला शिकावं लागतं. रुंद भिंगाने दहा बाय दहाची खोली हॉल वाटते. फसायचं नसेल तर पलंगाकडे बघा. मोठा डबल बेड साधारण सहा फूट रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना किती जागा उरली ते त्या मापाने ताडता येतं. उशालगतचं छोटं टेबल एकाच बाजूला असेल तर पलंगाची दुसरी बाजू भिंतीला टेकलीय असं समजावं, म्हणजे आतल्या माणसाला रात्री दुसऱ्यावरून ओलांडून उठायचंय. सगळ्या फोटोंत पडदे ओढलेले असतील तर खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत आहे. आणि दहापैकी सात फोटो पितळी घंगाळ, फुलं, घडी घातलेले टॉवेल यांचे असतील तर खोली दाखवण्याजोगी नाही, एवढं नक्की.

लोकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवावेत. खुशीतला माणूस आणि चिडलेला माणूस, दोघंही खोलीबद्दल फारसं लिहीत नाहीत. तीन तारे देणाऱ्याने काय लिहिलंय ते वाचा. तो बहुधा नळाला पाणी कसं येतं, वाय-फाय कुठवर पोचतं, हे सांगतो. आपण ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले मागच्या वर्षीचे अभिप्राय शोधावेत. कुणी खोलीचा क्रमांक किंवा नाव लिहिलं असेल तर ते टिपून ठेवावं.

एवढी तयारी झाली की फोन करायचा. लहान हॉटेलात या फोनला पर्याय नाही. पलीकडे कॉल सेंटर नसतं. फोन उचलणारा बहुधा मालक असतो किंवा खोल्यांच्या किल्ल्या रोज हाताळणारा मॅनेजर. फक्त त्याला ‘खोली चांगली आहे ना?’ असं विचारू नये. त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. आपली अडचण सांगावी आणि निवड त्याच्यावर सोपवावी. हे असं जमतं:

“नमस्कार. बारा जुलैपासून दोन रात्री हव्यात. दोघं जण आहोत, एक माझी आई. तिला जिना फारसा चढवत नाही. खालच्या मजल्यावर काय देऊ शकाल?”

“खाली दोन खोल्या आहेत. एक रस्त्याकडची, एक चौकाकडची.”

“पावसात खाली ओल येते का हो?”

“चौकाकडच्या खोलीत एका भिंतीला येते थोडी. रस्त्याकडची कोरडी आहे, पण सकाळी गाड्यांचा आवाज येणार, हे आधीच सांगतो.”

“मग रस्त्याकडचीच द्या. न्हाणीघरात शिरताना पायरी आहे?”

“एक आहे. धरायला दांडी लावलीय.”

“छान. हीच खोली आमच्या नावाने ठेवली असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवाल?”

दोन मिनिटांत चार गोष्टी कळल्या, आणि दोष स्वतःहून सांगणारा माणूस पलीकडे आहे हेही कळलं. शेवटचं वाक्य विसरू नका. फोनवर ठरलेली खोली दुसऱ्या पाळीतल्या माणसाला माहीत असेलच असं नाही. लिहिलेला निरोप दाखवता येतो.

तारखांचं गणित पणजीत किनाऱ्यापेक्षा थोडं निराळं आहे. २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात साऱ्या गोव्यात भाव चढतात, ते इथेही. पण शहराची स्वतःची गर्दी वेगळी असते. नोव्हेंबरमध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जो २००४ पासून पणजीत भरतो; तेव्हा या वस्तीतल्या खोल्या सिनेमावाले महिनोन्‌महिने आधी धरून ठेवतात. ८ डिसेंबरला चर्च स्क्वेअरमधल्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचं फेस्त. त्याच महिन्यात सेरेंडिपिटी कला महोत्सव. फेब्रुवारीच्या आसपास मळा भागातल्या मारुतीची जत्रा आणि कार्निव्हल. कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत चित्ररथांची मिरवणूक निघते आणि रस्ते बंद होतात. त्या दुपारी गाडी घेऊन पोचायचा बेत असेल तर तो बदला. उलट ज्याला हीच गर्दी बघायचीय त्याने या तारखाच धराव्यात, पण तीन-चार महिने आधी.

माझं मत विचाराल तर फोंताइन्हाससाठी सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा. पाऊस ओसरलेला, टेकडी हिरवी, भाव अजून उतरलेले. पोर्तुगीज अमलात पावसाळा संपला की दरवर्षी घर रंगवण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग तेवढा चर्चसाठी राखलेला, असं सांगतात. ती सवय अजून पुरती मोडलेली नाही; या दिवसांत एखाद्या दारी रंगाचे डबे आणि शिडी दिसते. वीकेंड टाळून रविवार ते गुरुवार गेलात तर खोली निवडायला वावही मिळतो.

आता पैसे. भावाच्या पुढे इंग्रजी अक्षरं असतात त्यांचा अर्थ असा: ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. शहराच्या मध्यावर राहताना एमएपी किंवा एपी घेण्यात काहीच अर्थ नाही. चालत जाण्याच्या अंतरावर कॅफे तातोचा भाजी-पाव आणि बन्स, ३१ जानेवारी मार्गावरची जुनी बेकरी, बाजाराकडे गेलात तर माशाची थाळी. नाश्ताही हॉटेलात एक दिवस घ्यावा, चौकात बसण्याच्या सुखासाठी. दुसऱ्या दिवशी बाहेर.

करात एक पायरी आहे, ती पैसे भरण्याआधी बघायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो. त्यावर गेली की १८ टक्के. आणि ५ की १८ हे ठरतं तुमच्याकडून प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर, भिंतीवरच्या दरपत्रकावर नव्हे. समजा एक खोली ७,४०० ला आहे. कर ३७०, एकूण ७,७७०. शेजारची २०० रुपयांनी महाग, ७,६०० ला. तिच्यावर कर १,३६८, एकूण ८,९६८. दोनशेचा फरक जवळपास बाराशेवर गेला. म्हणून भाव या सीमेच्या आसपास असेल तर फोनवर घासाघीस करायला हीच जागा. शे-दोनशे कमी करून मालकाला फारसा तोटा होत नाही, तुमचे मात्र हजारभर रुपये वाचतात. संकेतस्थळावर दिसणारा भाव करासह आहे की कराविना, हे शेवटच्या पानावर जाऊनच कळतं. त्याआधी दोन हॉटेलांची तुलना करू नये.

बुकिंगच्या अ‍ॅपवरून घ्यावं की थेट? अ‍ॅपवाली कंपनी हॉटेलकडून साधारण १५ ते २५ टक्के कमिशन घेते. थेट फोन केला तर ते वाचतं, म्हणून मालक त्यातला काही हिस्सा तुम्हाला सोडायला तयार असतो. पैशात नाही तर सवलतीत. खोली बदलून देणं, लवकर आत घेणं, नाश्ता घालणं. मी आधी अ‍ॅपवर भाव बघतो, मग हॉटेलला फोन करतो, आणि अ‍ॅपचा भाव सांगूनच बोलायला सुरुवात करतो. अ‍ॅपची बाजू एवढीच की रद्द करण्याच्या अटी स्पष्ट लिहिलेल्या असतात. थेट घेताना त्या आपण मागून घ्यायच्या: किती दिवस आधी रद्द केलं तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, किती दिवस आधी निम्मी. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड कोसळली, गाडी रद्द झाली, तर तारीख पुढे ढकलून देणार का, हेही. ‘नॉन-रिफंडेबल’चा स्वस्त भाव पावसाळ्यात घेऊ नये.

आगाऊ पैसे पाठवताना सावध राहा. हॉटेलांच्या नावाने बनावट पानं आणि नकाशावर बदललेले फोन नंबर हा आता नेहमीचा गुन्हा झालाय. नंबर दोन वेगवेगळ्या ठिकाणी ताडून बघा. यूपीआयवर पैसे सोडण्याआधी स्क्रीनवर ज्याचं नाव येतं ते हॉटेलचं किंवा मालकाचं आहे का ते बघा, नसेल तर थांबा आणि विचारा. पूर्ण रक्कम आधी मागणारा, वर ‘आज भरली नाही तर खोली जाईल’ अशी घाई करणारा दिसला की फोन ठेवलेला बरा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

जाण्याच्या दोन दिवस आधी परत एक फोन. लहान हॉटेलची तीच खोली तीन-चार अ‍ॅपवर एकाच वेळी विक्रीला असते. कुठे विकली गेली की इतर ठिकाणी ती आपोआप बंद करणारी यंत्रणा असते, पण काही ठिकाणी अजून वही आणि पेन्सिलच. एकच खोली दोघांना जाण्याचा प्रकार तिथूनच होतो.

पोचण्याच्या वेळेवरून होणारा घोळ तर ठरलेला. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या खाजगी बस पणजीत सकाळी सहा-सातला सोडतात. कोकणकन्या एक्स्प्रेससुद्धा सकाळीच करमळी स्टेशनला आणते. आणि हॉटेलचा चेक-इन दुपारी एक किंवा दोन. मालक उगाच अडवतो असं वाटतं, पण त्याची बाजू बघा. आदले पाहुणे अकराला निघणार. खोल्या दहा, झाडलोट करणारे दोघं. एक खोली नीट करायला, चादरी बदलून, न्हाणीघर घासून, पाऊण-एक तास. म्हणजे शेवटची खोली तीनच्या आत तयार होणं मुश्कील. पावसाळ्यात तर धुतलेल्या चादरी वाळतच नाहीत. यावर उपाय तीन. आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली धरून ठेवणं, जे फक्त लहान बाळ किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर परवडतं. दुसरा, थोडं जास्तीचं भाडं देऊन लवकर आत शिरणं. त्यासाठी आदली रात्र ती खोली रिकामी हवी, म्हणून हे दोन दिवस आधीच कळतं. तिसरा आणि बहुधा पुरेसा: सामान हॉटेलात टाकायचं, तिथल्या सामाईक न्हाणीघरात तोंड धुऊन कपडे बदलायचे आणि वस्तीत हिंडायला निघायचं. फोंताइन्हास सकाळी नऊच्या आत बघावं, असं मला वाटतं. उन्हं कोवळी, गल्ल्या मोकळ्या, आणि सेंट सेबॅस्टियन चॅपेल बहुधा बंद असलं तरी त्याच्या पुढचं छोटं अंगण आपलंच. आत जायला मिळालं तर क्रुसावरचा येशू बघा. तो पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, आणि त्याचे डोळे उघडे आहेत.

रेल्वेने येणाऱ्यांना करमळी सर्वांत जवळ, सुमारे १२ किलोमीटर. थिवी त्याहून लांब, मडगाव तर तीसच्या पुढे. वंदे भारत करमळीला थांबत नाही, तेव्हा थिवीला उतरावं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात, हे बुकिंग करताना ध्यानात असावं. विमानाने आलात तर दाबोळी आणि मोपा यांत गल्लत करू नका. एक दक्षिणेला, एक उत्तरेच्या टोकाला. मोपाहून पणजी ३५ किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून कदंब महामंडळाच्या बस येतात. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. विमानतळावरची प्रीपेड टॅक्सी किंवा गोवा माइल्सचं अ‍ॅप. एकटे असाल तर शहरात पायलट, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, सगळ्यात स्वस्त आणि चटपटीत. भाड्याने दुचाकी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी धरलं तर खोळंबा तुमचाच.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी ‘पार्किंग आहे का’ एवढंच विचारू नये, कारण उत्तर ‘आहे’ असंच येतं. गाडी कुठे लागणार, हॉटेलपासून किती लांब, रात्री कोण बघणार, हे विचारावं. ३१ जानेवारी मार्गावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांचं कसंबसं भागतं. सामान उतरवून गाडी खाडीकाठी किंवा पाटोच्या बाजूला नेऊन ठेवावी आणि निघेपर्यंत तिला हात लावू नये.

काउंटरवर ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं मागतात, एकाचं नव्हे. आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्यावं. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. पॅन कार्ड बहुधा घेत नाहीत, त्यावर पत्ता नसतो. बरोबर अमेरिकेतली भाची किंवा तिचा नवरा असेल आणि पासपोर्ट परदेशी असेल, तर हॉटेलला त्यांची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड त्यांनी हाताशी ठेवावं. काही लहान हॉटेलं ही नोंद करण्याचा त्रास नको म्हणून परदेशी पाहुणे घेतच नाहीत, तेव्हा बुकिंग करतानाच सांगितलेलं बरं.

खोलीत शिरल्यावर बॅग उघडण्याआधी पाच मिनिटं द्यावीत. गरम पाणी येतं का, एसी चालू केल्यावर पाणी कुठे ठिबकतं, खिडकीची कडी लागते का, जाळी आहे का. खाडीकडच्या खोलीत संध्याकाळी डास येतात. जाळी नसेल तर पाच वाजता खिडकी लावून घ्यायची आणि डासांचं यंत्र मागून घ्यायचं. काही खटकलं तर तेव्हाच, हसतमुखाने सांगावं. सामान पसरल्यावर खोली बदलायला दोन्ही पक्ष नाखूश असतात.

एक गोष्ट हॉटेलच्या पत्रकात लिहिलेली नसते. ही वस्ती अजून राहती आहे. हॉटेलच्या शेजारच्या दारामागे कुणाची तरी आजी दुपारची झोपलेली असते. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांनी रहिवाशांना इतकं सतावलं की कित्येक दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या. पाटी नसली तरी कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढण्यापूर्वी दार वाजवून विचारावं. रात्री दहानंतर सज्ज्यात बसून गप्पा मारल्या तर समोरच्या घरात प्रत्येक शब्द ऐकू जातो, इतकी गल्ली अरुंद आहे.

निघायच्या आदल्या रात्रीच बिल मागून घ्यावं. सकाळी घाईत ते कुणी वाचत नाही. बघायचं एवढंच: खोलीचा दर फोनवर ठरला तोच आहे का, कराचा टक्का बरोबर आहे का, जास्तीच्या गादीचे पैसे दोनदा लागलेत का, आणि बिलावर हॉटेलचा जीएसटी क्रमांक आहे का. सेवा शुल्क वेगळं लावलं असेल तर ते देणं बंधनकारक नाही. काढायला सांगता येतं. त्याऐवजी जिन्यावरून बॅगा वाहून आणणाऱ्या मुलाच्या हातात थेट काहीतरी ठेवा. परतीची बस रात्रीची असेल तर बॅगा काउंटरमागे ठेवायला बहुतेक सगळेच हो म्हणतात. फक्त रात्री काउंटर किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारून घ्या. काही घरांमध्ये नऊलाच कुलूप लागतं.